नदीलाही चालेल अशी आणि समुद्रालाही

माझ्या थोरल्या साडूंनी जन्मात एकही वस्तू विकत घेतलेली नाही. त्यांनी वस्तू फक्त निवडल्या. विकत घेणं हे तुमच्या-माझ्यासारख्या उतावळ्यांचं काम. आपण दुकानात जातो, छत्री उघडतो, मिटतो, पैसे देतो आणि पहिल्याच सरीत भिजून घरी येतो. साडू तळोज्याच्या एका कारखान्यात पस्तीस वर्षं खरेदी विभागात होते. तीन ठिकाणची कोटेशनं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, तक्त्याखाली शेरा आणि मग निर्णय, ही पद्धत त्यांच्या अंगात इतकी भिनली होती, की पनवेलच्या बाजारात कलिंगड घ्यायचं तरी ते तीन गाड्यांवरची तीन कलिंगडं बडवत, पुन्हा पहिल्या गाडीकडे येत, आणि तोवर ते पहिलं कलिंगड दुसऱ्याच कुणाच्या पिशवीतून एसटी स्टँडकडे निघालेलं असे. एका जूनमध्ये त्यांनी छत्रीचा तक्ता सुरू केला आणि छत्री घरी आली ती कोजागरीला. माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या शालूताई, यांना पाहायला आले तेव्हासुद्धा पोहे संपवून ते सासऱ्यांना म्हणाले होते, "मुलगी उत्तम आहे. आणखी दोन ठिकाणी बघून कळवतो." सासरे शांतपणे म्हणाले, "अवश्य बघा. तोवर आम्हीही आणखी दोन बघून घेतो." साडूंनी त्याच संध्याकाळी होकार कळवला. तक्त्याशिवाय घेतलेला त्यांचा हा एकमेव निर्णय, आणि ताईंच्या मते तोही त्यांनी घाबरून घेतला.

तर असे हे साडू निवृत्त झाले. त्या दिवशी रोडपालीच्या त्यांच्या घरी आम्ही जेवायला होतो. ताई पुऱ्या तळत होत्या. साडू स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "आता माझ्याकडे वेळच वेळ आहे. बोल, तुझी काय मागणी?"

ताईंनी मागे वळूनही न बघता सांगितलं, "मला एकदा माहेरी बोटीनं जायचंय. तुमच्या गावच्या नदीतून निघायचं आणि थेट आमच्या वाळूवर उतरायचं."

साडूंचं गाव पाताळगंगेच्या काठी. ताईंचं, आणि अर्थात माझ्या बायकोचंही, माहेर अलिबागच्या अलीकडे, भर समुद्रावर. नदी खाडीला मिळते, खाडी समुद्राला मिळते, त्यामुळे मागणी तशी भूगोलाला धरून होती. दुसरा कुणी नवरा असता तर "बघू" म्हणून पुरी उचलून मोकळा झाला असता. साडूंनी खिशातलं पेन काढलं.

"म्हणजे मोटरबोट. नदीलाही चालेल अशी आणि समुद्रालाही. वर छप्पर, पाठीला टेकू, आत चहा करायची सोय. आणखी काही?"

"पुरी घ्या," ताई म्हणाल्या.

त्या एका पुरीनंतर दोन वर्षं गेली.

आता, नदीची बोट आणि समुद्राची बोट यांचं एकमेकींशी जमत नाही. नदीला उथळ, चपट्या बुडाची लागते, नाहीतर ती गाळात रुतते. समुद्राला खोल, निमुळत्या बुडाची लागते, नाहीतर ती लाटांवर आपटते. एवढं ज्ञान कुणाकडूनही पाच मिनिटांत मिळालं असतं. पण साडू ऐकीव माहिती तक्त्यात घेत नाहीत. एका रविवारी त्यांनी मला इमारतीच्या गच्चीवर बोलावलं. बघतो तर पाणी जायची भोकं चिंध्यांनी बुजवलेली, गच्चीत वीतभर पाणी, आणि त्यात ताईंची परात, पातेलं आणि कढई तरंगताहेत. माझ्या हातात खराटा देऊन साडू म्हणाले, "तुम्ही लाटा."

मी मनापासून लाटा झालो. परात थाडथाड आपटू लागली. "हिच्यात बसलेल्या माणसाचे मणके राहणार नाहीत," साडूंनी नोंद केली. पातेल्यात त्यांनी एक वीट ठेवली, ते लगेच तळाला टेकलं. "हे नदीत रुतलं." कढई मात्र विटेसकट डौलात उभी राहिली.

"कढई!" साडू ओरडले. "नदीला बूड, समुद्राला बगला!"

"पण ती गोल गोल फिरतेय," मी म्हणालो.

"फिरू दे. बुडत तर नाही!"

तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ ओल्या डोक्यानं गच्चीत आले. "अहो, आमच्या देवघरात गळतंय!" साडूंनी अत्यंत आस्थेनं विचारलं, "कुठल्या कोपऱ्यात? म्हणजे मला उतार कळेल." आणि जिन्याच्या खालून ताईंचा आवाज आला, "आरमार परत आलं असेल तर कढई पाठवा, भाजी खोळंबलीय!"

मग आम्ही कढईच्या शोधात निघालो. मुंबईत अशा बोटींचं एक शोरूम आहे. "पनवेलहून आलोय," असं साडूंनी सांगताच तिथला विक्रेता ताडकन उभा राहिला. आमची जमीन विमानतळात जाऊन हाती पैसा आला असणार अशी त्या बिचाऱ्यानं मनाशी खूणगाठ बांधली. त्यानं कॉफी मागवली, एक पांढरीशुभ्र बोट दाखवली, आतला पलंग दाखवला, फ्रीज दाखवला, न्हाणीघर दाखवलं.

साडूंनी विचारलं, "ओहोटीला ही चिखलात बसली तर?"

"सर, चिखलात कशाला बसवायची?"

"बसवत नाही हो, बसते! तुम्ही धरमतरची खाडी ओहोटीला बघितलीय का? म्हशीसुद्धा विचार करून उतरतात."

विक्रेत्याने नम्रपणे कबूल केलं की त्याच्या गिऱ्हाइकांनी आजवर म्हशींचा विषय काढलेला नाही. साडूंनी खिशातून गाठ मारलेली एक सुतळी काढली आणि बोटीच्या पायरीला लावली. मग मान हलवून ती पुन्हा खिशात ठेवली. बाहेर आल्यावर मी विचारलं तेव्हा म्हणाले, "तिच्या उजव्या गुडघ्याचं माप आहे. गाठीच्या वर पायरी गेली की तो दुखतो."

अशा त्यांनी किती बोटी पाहिल्या ते त्यांनाच ठाऊक. उरणला पाहिल्या, करंजाला पाहिल्या, एक तर बेलपाड्याला कुणाच्या तरी अंगणात उलटी टाकलेली पाहिली, तिच्याखाली कोंबड्या होत्या. तक्त्याला बेचाळीस रकाने झाले. अखेर तीन बोटी उरल्या आणि दुसऱ्या वर्षीच्या गणपतीनंतरच्या एका रविवारी त्यांनी अंतिम परीक्षा ठेवली. इमारतीच्या पार्किंगमध्ये त्यांनी चुन्यानं पहिल्या क्रमांकाची बोट जशीच्या तशी, खऱ्या मापात आखली. सव्वीस फूट लांब, नऊ फूट रुंद. केबिन, इंजिन, चहाची जागा. ताईंना केबिनमध्ये खुर्ची दिली, माझ्या बायकोला पलंगाच्या चौकटीत बसवलं, मला सुकाणू. "संध्याकाळपर्यंत इथेच राहायचं. रेषेबाहेर पाय गेला की माणूस पाण्यात."

वॉचमन विचारायला आला, "साहेब, गाड्या कुठं लावायच्या?" त्याला "धक्क्याला" असं उत्तर मिळालं. पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी तावातावानं आले.

"हा काय प्रकार आहे?"

"केबिन आहे. चपला काढून या."

आणि सांगायला लाज वाटते, सेक्रेटरींनी चपला काढल्या! त्यानंतर तर सगळी इमारतच वाहून गेली. दूधवाला रेषेबाहेर थबकून विचारू लागला, "ताई, दूध कुठून देऊ?" ताई मोड आलेले वाल सोलता सोलता म्हणाल्या, "डावीकडून दे बाबा, उजवीकडे इंजिन आहे." पहिल्या मजल्यावरच्या आजी गॅलरीतून ओरडून विचारत होत्या, की बोट मांडव्याला थांबते का.

त्याच केबिनमध्ये ताईंचा फोन वाजला. त्यांच्या भावाचा होता. तो तिकडे गावच्या घरात एकटाच राहतो. पुण्याच्या मुलाकडे कायमचा जायचं त्याचं कधीपासून चाललं होतं, आता घराला गिऱ्हाईक मिळालं होतं. दिवाळी झाली की किल्ली द्यायची. ताईंनी "बरं" म्हटलं, फोन मांडीवरच्या वालांत ठेवला, आणि साडूंना विचारलं, "मग दिवाळीनंतर आपण उतरायचं कुठे हो?"

 साडू केबिनमधून निघून थेट इंजिनावरून चालत गेले, आणि पुढे पाण्यात. कुणी हसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन आपल्या गावी गेले. नदीच्या धक्क्यावर एक म्हातारा नाखवा इंजिनाची छोटी होडी साफ करत होता. साडूंनी त्याच्यापुढे बेचाळीस रकान्यांचा तक्ता पसरला आणि दोन वर्षांची हकिगत सांगितली. नाखव्यानं ती सगळी ऐकून घेतली.

"सायेब, दोनी कामाला येकच होरी कशाला?" तो म्हणाला. "नदीत आमची बारकी होरी. तोंडावर गेलाव का माज्या मेवन्याची मोटी होरी हाय, ती दर्यान जातंय. तितं बदलायची."

"बदलायची? मध्येच? पाण्यात?"

"मंग काय! पान्यान इस्टेशन लागतंय काय?"

 साडूंनी तक्त्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, सवयीनं तोंड उघडून "आणखी दोन ठिकाणी..." एवढं म्हणाले, आणि तोंड मिटलं. मग तक्त्याची घडी घालत त्यांनी विचारलं, "परवा जमेल?"

"जमंल. सकालची भरती हाय."

ठरल्या दिवशी आम्ही चौघं निघालो. छप्पर नव्हतं, पाठीला टेकू नव्हता, चहा थर्मासातला होता. भरती उतरणीला लागली तशी होडी नदीतून खाडीत आली, दोन्ही काठांना चिखल उघडा पडला, पण आम्ही रुतलो नाही. खाडीच्या तोंडाशी नाखव्याच्या मेव्हण्याची मासेमारीची मोठी होडी डुलत उभी होती. साडूंनी सुतळी बाहेर काढायच्या आत ताई पदर खोचून, घराचा उंबरा ओलांडावा तशा, या होडीतून त्या होडीत गेल्या. साडूंना चढवायला मात्र तीन माणसं लागली.

आणि मग समुद्र लागला. साडूंनी जगातल्या सगळ्या बोटींची परीक्षा घेतली होती, फक्त स्वतःची घ्यायची राहून गेली होती. पहिल्या चार लाटांत ते पिवळे पडले, पुढच्या चारांत हिरवे, आणि त्यानंतर जे झालं त्यासाठी बेचाळिसांत एकही रकाना नव्हता. माझी बायको त्यांना आवळासुपारी देत होती, मी त्यांची पाठ चोळत होतो. "अजून किती?" एवढाच प्रश्न ते दर पाच मिनिटांनी विचारत होते.

अखेर सुरूच्या झाडांची रांग दिसली आणि वाळूवर उभा असलेला ताईंचा भाऊ दिसला, टॉवेल हलवत होता. नाखव्याचा मेव्हणा होडी किनाऱ्याला वळवणार, तोच ताई म्हणाल्या, "थांब रे दादा जरा. एवढ्यात पुढे नको नेऊस."

त्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. ताई उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या बायकोचा हात धरला.

"ते बघ. झाडांच्या मधे, लाल कौलं. एवढंसंच आहे होय गं आपलं घर?"

बायकोही त्यांच्या शेजारी उभी राहिली.

"बावीस वर्षं त्या ओट्यावर बसून मी येणाऱ्या-जाणाऱ्या बोटी बघितल्या," ताई म्हणाल्या. "त्या बोटींतल्या माणसांना आपण कसे दिसत असू, ते काही कधी कळलं नव्हतं."

इंजिन बंद केलेली होडी चालत्या होडीपेक्षा दुप्पट डुलते, हे मला त्या दिवशी कळलं. साडूंनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता, डोळे मिटले होते, कपाळावर घाम होता. किनाऱ्यावर भाऊ टॉवेल हलवायचा थांबून, काय बिघडलं म्हणून गुडघाभर पाण्यात आला होता. नाखव्याचा मेव्हणा हळूच मला म्हणाला, "सायेबांना लय तरास होतंय. लावू का किनाऱ्याला?"

ते साडूंनी ऐकलं. डोळे न उघडताच त्यांनी मान हलवली.

"नको," ते म्हणाले. "तिचं बघून होऊ दे."