डावा पाय

स्टँडवर बाबांना सगळे मास्तर म्हणतात. तीस वर्षं टॅक्सी चालवली आणि तितकीच वर्षं दुसऱ्यांच्या ड्रायव्हिंगमध्ये खोट काढली. कुणाला काही विचारायचं म्हणजे त्यांना अगदी कमीपणा वाटतो.

त्या दिवशी सकाळी सव्वाआठला हॉस्पिटलमधून फोन आला. आईसाठी किडनी मिळाली होती. तीन वर्षं आम्ही त्या फोनकडे डोळे लावून बसलो होतो. दहाच्या आत पोचा, नाहीतर यादीतल्या पुढच्या पेशंटला बोलावू, असं सांगितलं. आणि नेमकी आमची टॅक्सी गॅरेजमध्ये, इंजिन खोलून पडलेली.

दुसरी टॅक्सी बोलावते म्हटलं, तर बाबा माझ्यावरच उखडले. "तुझ्या आईला परक्याच्या हाती देऊन मी मागे बसू?"

समोरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंची नवी गाडी ते मागून घेऊन आले. किल्लीला मात्र दात नव्हते, नुसता काळा ठोकळा. तो कुठे खुपसायचा हे शोधण्यात पाच मिनिटं गेली. मग बटण सापडलं. ते दाबलं की दिवे लागायचे, गाणी लागायची, गाडी काही सुरू होईना. बाबांना घाम फुटला. बाईंना विचारू का, तर नको म्हणाले. शेवटी मी सरळ फोन लावला. ब्रेकवर पाय ठेवून दाबा, बाई म्हणाल्या. तोवर आठ चाळीस झाले होते.

या गाडीला क्लचच नव्हता. गिअर तिचे तीच बदलणार. सोपं आहे, म्हणाले बाबा, आणि आम्ही निघालो. पहिल्याच सिग्नलला त्यांचा डावा पाय सवयीने क्लच दाबायला गेला आणि ब्रेकवर आदळला. गाडी जागच्या जागी थांबली. मागच्या सीटवर आई पट्ट्यात कचकन आवळली गेली. पुलावर पुन्हा तेच. या वेळी मागची बस हातभर अंतरावर येऊन थांबली.

बाबांनी गाडी कडेला घेतली. नऊ वाजून दहा मिनिटं. जन्मात पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, "काय करू गं? हा पाय ऐकत नाही माझं."

मला तरी काय ठाऊक? मला सायकलपलीकडे काही येत नाही.

"तू धर त्यांचा गुडघा," मागून आई म्हणाली. "घट्ट धर."

मी बाबांच्या शेजारच्या सीटवर तिरकी बसले आणि दोन्ही हातांनी त्यांचा डावा गुडघा सीटवर दाबून धरला. प्रत्येक सिग्नलला तो उसळायचा. मी सगळा जोर लावायचे. नऊ सिग्नल मी मोजले.

हॉस्पिटलच्या दारात पोचलो तेव्हा दहाला आठ मिनिटं कमी होती. नर्सने आईला चाकाच्या खुर्चीत बसवलं. आईने मान वळवून बाबांकडे पाहिलं.

"न्यायला याल तेव्हा तो पाय घरी ठेवून या."

"येतो," बाबा म्हणाले.

पण खुर्चीची मूठ काही ते सोडेनात. नर्सने दोनदा सांगितलं. शेवटी त्यांचं एकेक बोट मीच सोडवलं.