आक्कानं पैलवान उठवला

माझ्या आक्कानं भंगारवाल्याच्या कानाखाली वाजवली, असं गल्लीत अजून सांगतात.

खोटं आहे.

भंगारवाल्याला तिनं चहा दिला. "पावणं, तुमची काय चूक न्हाई. ज्यांनी बोलावलं त्यांच्याशी बोलतो मी."

(कोल्हापुरी बायका 'बोलतो'च म्हणतात. कमेंटमध्ये व्याकरण शिकवू नका.)

आज आक्काला जाऊन वर्ष झालं. फॅमिली ग्रुपवर सकाळपासून 'शांत', 'सोशीक', 'त्यागाची मूर्ती' चाललंय.

कोण सोशीक? आमची आक्का? काहीही फॉरवर्ड करता राव.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दाजी, म्हणजे आक्काचे मिस्टर, साखर कारखान्यात फिटर. त्यांनी शिरोळकडच्या एका शेडमधून जुनी अमेरिकन गाडी उचलली. दोन दारं, आठ सिलिंडर, स्टेअरिंग डावीकडं.

असल्या गाडीला मसल कार म्हणतात म्हणे. कोल्हापुरात मसल म्हटल्यावर दुसरं काय सुचणार? गल्लीनं नाव ठेवलं, पैलवान.

पैलवान पुरात बुडून निघालेला. ट्रॅक्टरला बांधून घरी आणला. इंजिन खोललं तर आत कृष्णेचा गाळ, वाळून घट्ट झालेला. आक्का तो उलथन्यानं खरवडत बसायची आणि तोंडानं दाजींशी भांडण चालू.

त्यांचा संसारच भांडणावर चालायचा. ज्या दिवशी भांडण नाही त्या दिवशी शेजारी विचारायला यायचे, सगळं बरं आहे ना.

जो तो सांगायचा, डिझेल इंजिन टाका, पेट्रोल परवडायचं नाही.

दाजी म्हणायचे, "पैलवान हाय, खुराक लागणारच. म्हणून काय त्याच्या पोटात दुसऱ्याची आतडी घालायची व्हय?"

मग एक दिवस कारखान्यात ड्युटीवरच दाजींना झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. वाचा गेली. नुसतं "आं" एवढंच यायचं.

इंजिन तेव्हा सुटं पडलेलं. पिस्टन आक्काच्या जुन्या साडीत गुंडाळून पिठाच्या डब्यात ठेवलेले.

भेटायला येणारी माणसं दाजींशी लहान पोराशी बोलावं तशी बोलायला लागली. त्यांचे चुलते, आण्णा, तर त्यांच्या तोंडावरच म्हणाले, "आता ह्यो बी चालायचा न्हाई आणि गाडी बी. भंगारात घाला, जागा तरी मोकळी हुईल."

आणि दुसऱ्या दिवशी भंगारवाला दारात.

त्याला चहा पाजून परत लावला आणि आक्का आण्णांकडं वळली. छापण्याजोगं तेवढंच लिहितो.

"तुमचा पुतण्या जित्ता हाय. कान शाबूत हायत त्यांचे. आणि गाडी मी बांधणार."

"बाईमाणूस इंजिन बांधणार?"

"मग? गाडीला कळतंय व्हय, कुणाचा हात लागलाय ते?"

आणि बांधलं.

दाजी खुर्चीत. डाव्या हातात पाना. खुर्चीच्या दांड्यावर एक ठोका म्हणजे बरोबर, दोन ठोके म्हणजे चुकलं. वॉटर पंप उद्यमनगरातल्या फाउंड्रीत ओतून घेतला. प्लगच्या आठ वायरी आक्काला सारख्याच दिसायच्या, म्हणून तिनं त्यांना कपाळाच्या टिकल्या चिकटवल्या. पहिल्या वायरीला एक टिकली, आठवीला आठ.

दोन ठोके पडले की ही भडकायची. "मग तुम्हीच करा की! नुसतं ठोकायला काय जातंय?"

मी एकदा म्हटलं, आक्का, अगं आजारी माणूस आहे.

माझ्यावरच उसळली. "आजारी हायत, देव झाल्याली न्हाईत. मी भांडायचं बंद केलं तर त्यास्नी वाटंल, आपण मेलो."

मला त्या दिवशी माझ्या बहिणीचा फार अभिमान वाटला. तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पान्यानं हाणलं असतं.

दसऱ्याला पैलवान उठला. गल्लीभर धूर. कुत्री पसार.

आक्कानं दाजींना उजवीकडच्या सीटवर बसवलं आणि स्वतः स्टेअरिंगवर बसली. मी मागं. आण्णा गाडीसमोर आडवे.

"नवरा नुसता बसणार आणि बायको गाडी हाणणार? कुठल्या शास्त्रात बसतंय हे?"

"आण्णा, बायकोला वामांगी का म्हणत्यात?"

"नवऱ्याच्या डाव्या अंगाला बसती म्हणून."

"मग मी कुठं बसलोय?"

शास्त्र आक्काच्या बाजूला होतं आणि स्टेअरिंगही. तिनं असा हॉर्न दिला की आण्णा आपोआप बाजूला झाले.

दुसऱ्या कुणी रंकाळ्याला एक चक्कर मारून गाडी घरी आणली असती. हिनं सरळ पन्हाळा धरला.

घाटातल्या चढाला पैलवान दमला. आक्का क्लचवर पाय ठेवून रेटत होती. जळका वास सुटला.

आणि उजव्या सीटवरून आवाज आला.

"क्लच!"

इतक्या महिन्यांतला पहिला शब्द.

"क्लच... सोड की... म्हशे!"

आक्कानं भर घाटात गाडी उभी केली. हँडब्रेक ओढला. डोळ्यांतून धारा लागलेल्या, हसतही होती आणि तोंड सुरूच.

"कुणाला म्हशे म्हणताय? आँ? परत म्हणा! परत म्हणा बघू!"

दाजींनी परत म्हटलं.

त्यानंतर कैक वर्षं दोघं कडाकडा भांडली. आधी दाजी गेले, गेल्या वर्षी ही.

आक्का, तुझ्या भावाचा तुला डोकं टेकून नमस्कार.

तिकडंही गप्प बसू नकोस.