भिंत वाळेपर्यंत

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले, तरी मातीसाठी इतका हळवा आणि माणसांवर इतका ओरडणारा मनुष्य माझ्या आत्याच्या यजमानांखेरीज दुसरा सापडणार नाही. आमच्याकडे आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात, म्हणून ते मामा. एसटीत ड्रायव्हर होते. कोयनानगरच्या घाटात भरलेली गाडी कडेला उभी करून हा गृहस्थ खाली उतरायचा आणि दरड नखाने खरवडून बघायचा. कंडक्टर घंटी मारून मारून थकायचा, आणि मामा चिमूटभर माती जिभेवर ठेवून डोळे मिटून उभे. पाचगणीची तांबडी, कृष्णाकाठची काळी, वडूजकडची पांढरी, अशी किती तऱ्हांची माती त्यांनी औषधाच्या बाटल्यांत भरून आणली आणि आत्याच्या मसाल्याच्या फळीवर मांडली! त्या घरातल्या आमटीत एकदा नेमकं काय पडलं होतं, हे आत्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी वडूजजवळच्या आपल्या गावात मातीचं वाचनालय बांधायला काढलं. गावाची दोन कपाटं पुस्तकं स्लॅबच्या एका गळक्या खोलीत होती आणि पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. मामांनी त्यातलं एक उघडायला घेतलं, ते मधूनच फाटलं, आणि त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना. वास्तविक मैलाच्या दगडांपलीकडे त्यांचं वाचन मी कधी पाहिलं नव्हतं. पण पुस्तकाला ओल लागता कामा नये, आणि ओल आत घेऊन परत बाहेर सोडणारी भिंत मातीचीच असते, यावर ते ठाम होते. पांढरी माती, भुस्कट आणि शेण कालवून चिखल आठ दिवस मुरवायचे, मग तासन् तास पायांनी तुडवायचे. वीतभर थर चढला की तो वाळेपर्यंत पुढचा थर नाही. सरपंच घाई करायला आले, तर त्यांना, तुमच्या घरी भाकरी कच्चीच काढतात का, असं विचारून वाटेला लावलं. रोज सकाळी भिंतीला टेकवून ठेवलेला वर्तमानपत्राचा कागद काढून ते गालाला लावत. गार लागला, तर त्या दिवशी त्यांच्या वाटेला जाण्यात अर्थ नसे.

शेवटी कौलं चढली आणि मामांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला मुलीकडे जावं लागलं. "मी येईस्तवर भिताडाला हात लावू नगा," असं सगळ्यांना बजावून ते गेले. यापुढचं कर्तृत्व माझं आहे. भिंतींना बारीक भेगा होत्या, उद्घाटनाला बाहेरची माणसं येणार होती, आणि मला ते सगळं गोठ्यासारखं दिसायला लागलं. मामांना सुखद धक्का द्यावा असं माझ्या मनाने घेतलं. शिदूआप्पा हे गावातले सगळ्यात जुने गवंडी आणि मामांचे लहानपणापासूनचे दोस्त. मामांना विचारून करू, असं ते दोनदा म्हणाले. मीच त्यांना भरीस घातलं. मग मात्र दुखऱ्या गुडघ्यांनी आठ दिवस राबून म्हाताऱ्याने आतून-बाहेरून असा सिमेंटचा गिलावा केला, की भिंतीवरून हात उचलू नये. वर गुलाबी रंग दिला. तो रंगही माझ्याच पसंतीचा.

मामा काळा चष्मा लावून एसटीतून उतरले. शिदूआप्पा नवा पटका बांधून वाचनालयाच्या दारात उभे होते. मामांनी भिंतीवरून हात फिरवला, दोन ठिकाणी टिचकी मारली. मी ओरडा खायच्या तयारीत होतो. ते ओरडले नाहीत. शिदूआप्पांना, हात झाक आहे तुझा, एवढंच म्हणून ते समोरच्या पारावर जाऊन बसले, ते तीन दिवस तिथेच. चौथ्या सकाळी त्यांनी मला भिंतीजवळ नेलं आणि कागद माझ्या गालाला लावला. तो गार आणि ओला होता.

"आतली ओल कुठनं जायाची रं? त्वांड बांधलंस तिचं."

पायाजवळ गिलावा फुगला होता. शनिवारी पुस्तकं आत यायची होती, आणि भिंत बसली असती तर त्यांच्यावरच बसली असती. मी छिन्नी-हातोडा घेतला. सिमेंट एकटं निघेना, प्रत्येक खपलीबरोबर मूठभर माती सुटून यायची. कोपऱ्याशी आलो तेव्हा सबंध भिंत हलल्यासारखी वाटली. डॉक्टरांनी मामांना धुळीत जायला सक्त मनाई केली होती. तरी ते पलीकडून भिंतीला पाठ लावून उभे राहिले. पाठीला काही जाणवलं की म्हणायचे, थांब. निवांत वाटलं की म्हणायचे, मार. भिंत पडली असती तर आधी त्यांच्या अंगावर पडली असती, आणि ती वेळ माझ्यामुळे आली होती.

तो कोपरा मोकळा झाला तेवढ्यात शिदूआप्पा आले. पायाशी पडलेल्या गुलाबी ढिगाऱ्याकडे बघत राहिले. मी तोंड उघडणार, तोच मामा पुढे झाले.

"मीच तोडाय सांगितलं. न्हाई आवडलं मला. हितं माज्या मनापरमानं व्हईल."

शिदूआप्पांनी कोपऱ्यात राहिलेली आपली थापी उचलली आणि ते निघून गेले.

संध्याकाळी मी मामांना म्हटलं, मी जाऊन खरं काय ते सांगतो. त्यांनी चष्मा काढला. डोळा लाल झाला होता.

"काय सांगशील? तुमच्या गिलाव्यानं भिताड सडाय लागलं म्हून? जलम गेला त्येचा ह्या कामात. माज्यावरचा राग चार दिसांत जाईल. आपल्या हातावरचा इस्वास गेला, तर ह्या वयात कुठनं आणायचा त्येनं?"

वाचनालय उभं आहे. पुस्तकं कोरडीठाक आहेत, मुली तिथे अभ्यासाला बसतात, आणि चपला घालून आत येणाऱ्यांवर मामा पूर्वीसारखेच ओरडतात. याला आता दोन पावसाळे झाले. शिदूआप्पा रोज त्याच रस्त्याने जातात, मान वळवून. त्यांची वेळ झाली की मामा ओरडणं थांबवून दारात येऊन बसतात आणि ते वळणाआड होईपर्यंत बघत राहतात. मला ते बघवत नाही. मागच्या खेपेला न राहवून मी म्हटलं, मामा, राग काही गेला नाही त्यांचा.

"जाईल की," मामा म्हणाले, "चार दिस कुठं झाल्यात अजून."