बाजारापुरती गोळी

उदगीरपासून पुढे, कर्नाटकाच्या अंगाला असलेल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी आहे. आमच्या गावचा बाजार गुरुवारी भरतो. त्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर, भाजीवाल्यांच्या रांगेच्या शेवटी आमचं एक टेबल लागतं. टेबलावर बीपीचं मशीन, शेजारी गोळ्यांचं खोकं, मागे सिस्टर. कल्पना सिस्टरची होती. बायका बीपी दाखवायला म्हणून दवाखान्यात येत नाहीत, पण बाजाराला चुकत नाहीत, मग आपणच बाजारात जाऊ, असा तिचा साधा हिशेब. माणसं यायला लागली. महिन्याच्या गोळ्या घ्यायची, बीपी मोजायची आणि मेथीची जुडी पिशवीत टाकून घरी जायची.

मग जिल्हा आरोग्य अधिकारी म्हणून नवे साहेब आले. त्यांनी मला बोलावलं. "गुरुवारी तुमची सिस्टर आणि एक आरोग्यसेवक बाजारात बसतात, दवाखाना मोकळा पडतो. टेबल कामाचं असेल तर दाखवून द्या. नसेल तर उचला."

बोलणं रास्त होतं. मला राग आला तो टेबल कामाचं आहे हे दाखवायचं कसं ते माहीत नव्हतं म्हणून.

योगायोगाने त्याच सुमारास लातूरला एक प्रशिक्षण सुरू झालं. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांतल्या प्राथमिक केंद्रांतल्या लोकांनी आपलं काम आपणच तपासायला शिकायचं, असा विषय. महिन्यातून एकदा दोन दिवस. मी टेबलाचा विषय घेऊन गेले. शेजारच्या खुर्चीवर देगलूरकडचे एक तरुण डॉक्टर होते. त्यांचाही विषय बीपीच्या गोळ्यांचाच, फक्त ते दवाखान्यातून वाटायचे.

पहिल्या महिन्यात आम्ही प्रश्न तयार केले आणि गावी येऊन विचारले. विचारायला अर्थातच सिस्टर. पांढऱ्या साडीत, स्वतःच्या टेबलामागे बसून, स्वतःच्या पेशंटांना. "गोळ्या रोज घेता का?"

"हाव."

"टेबलाचा फायदा होतो का?"

"हाव, हाव."

सगळे हाव. सिस्टर खूश. मी कागद घेऊन लातूरला गेले. शिकवणारे सर पुण्याकडचे, शांत माणूस. त्यांनी कागद चाळले आणि चष्मा काढला.

"मॅडम, तुमच्या गावात गोळी कुणीच विसरत नाही?"

"नाही, सर."

"मी आजची विसरलोय," ते म्हणाले. सगळा वर्ग हसला. देगलूरचे डॉक्टर जरा जास्तच हसले. मग सरांनी त्यांचेही कागद काढले, तर तिथंही तसंच. डॉक्टर उठून म्हणाले, "सर, आमची अडचण मोठी आहे. आमच्याकडं हाव तीन भाषांत मिळतं. मराठीत हाव, कन्नडात हौदु, तेलुगूत अवुनु. नाही कुठल्याच भाषेत मिळत नाही."

घरी येईपर्यंत मी त्यावर विचार करत होते आणि उत्तर दारातच मिळालं. टाकी भरून पाणी अंगणात वाहत होतं. नवऱ्याला सकाळी फोनवर विचारलं होतं, आठवणीनं मोटार बंद करशील ना? तो "हाव" म्हणाला होता. आपल्याकडे हाव म्हणजे होय नव्हे. हाव म्हणजे तुझं बोलणं कानावर आलं. पुढचं पुढे. लग्नाला इतकी वर्षं झाली, घरात हे मला पाठ होतं. दवाखान्यात मात्र मी तेच हाव होय म्हणून लिहून घेतलं होतं.

पुढच्या वेळी आम्ही प्रश्न मोडून पुन्हा बांधले. ज्याला हाव म्हणता येईल असा प्रश्नच ठेवायचा नाही. "कधीकधी गोळी राहून जाते, सगळ्यांचंच होतं. तुमची शेवटची कधी घेतली?" "काय करत होता तेव्हा?" "पाकीट कुठं ठेवता, दाखवता का?" शिवाय टेबलावर नाही, घरी जाऊन विचारायचं. आणि ज्यानं गोळी दिली त्यानं विचारायचं नाही. देगलूरवाल्यांनी आमच्या गावात यायचं, आम्ही त्यांच्या. कागदावर कुणाचं नाव लिहायचं नाही.

मी त्यांच्या एका गावात गेले. ओसरीवर एक म्हातारी शेंगा फोडत बसली होती. मी पाकीट दाखवायला सांगितलं. ती उठली आणि आतून बिस्किटाचा पत्र्याचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं तर गोळ्यांची पाकिटं गच्च भरलेली, एकही न फोडलेलं.

"आजी, हे काय?"

"दवाखान्यातनं देतेत की. एक बी वाया घालवली न्हाई, माय. समदं जपून ठिवलंय."

"आणि खात नाही?"

"डॉक्टरकडं जायचं असलं की दोन-तीन दिवस आधी खाते. नायतर मशीन वर जातंय, मग डॉक्टर वरडतंय. चांगलं पोरगं हाय, उगं त्याच्या जिवाला तरास कशाला?"

मी रस्त्यावर येऊन डॉक्टरांना फोन लावला आणि पोटभर हसून घेतलं. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले, "हसा मॅडम, हसा. मी तुमच्याच गावात उभा आहे. तुमच्याकडचे डबे मोठे आहेत."

खरंच मोठे होते. त्यांच्याकडे दवाखान्यात जायचा दिवस कुठलाही असू शकतो, आमच्याकडे बाजार ठरलेला. त्यामुळे आमच्या लोकांना तयारी बरी जमायची. महिन्यातला आपल्या नंबरचा गुरुवार जवळ आला की सोमवारपासून गोळ्या सुरू, परीक्षेआधी अभ्यास करावा तशा. गुरुवारी बीपी बरं, सिस्टर खूश, शुक्रवारी गोळी बंद. काहींना गोळी गरम पडते असं वाटायचं, काहींना बरं वाटत असताना ती कशाला हे कळत नव्हतं. पण बहुतेकांनी एक कारण सांगितलंच. सिस्टर रागावते. ते खोटं नव्हतं. "मरायचंय का? मग मरा, पण माझ्या टेबलावर न्हाई," हे तिचं वाक्य भाजीवाल्यांनाही पाठ आहे.

सिस्टरला सांगणं माझ्याकडे आलं. मी सरळ सांगितलं. ती खुर्चीवर बसली.

"म्हंजे माझ्या तोंडानं झालं हे समदं?"

"सगळं नाही. निम्मं."

"कोण कोण हाय ते डबेवाले? नावं सांगा."

"नावं लिहिलीच नाहीत."

"असं कसं? पेशंट माझे, अन् मलाच नावं न्हाईत?"

"तुम्हाला कळणार नाहीत म्हणूनच ते खरं बोलले, सिस्टर."

तिनं टेबलाची वही पुढ्यात ओढली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, बीपी तर चांगलं आलंय समद्यांचं. टेबलावरच्या वहीत हाय की. साहेबांना तेवढंच दाखवा. खोटं तर न्हाई ना ते?"

खोटं नव्हतं. तेवढं दाखवलं असतं तर टेबल वाचलं असतं आणि कुणी एका शब्दानं विचारलं नसतं. मी म्हटलं, "उद्या यातल्या कुणाला लकवा मारला, तर तुम्ही आणि मी वही वाचत बसायचं का?"

"न्हाई," ती म्हणाली. मग, "पण टेबल गेलं तर मी तुमच्याशी बोलणार न्हाई."

प्रशिक्षणाचा शेवटचा दिवस नांदेडला होता. सगळ्यांनी आपापलं काम मांडायचं. साहेब मुद्दाम आले आणि पुढच्या रांगेत बसले. सिस्टर माझ्याबरोबर, ठेवणीतली साडी नेसून. मी होतं तसं सांगितलं: टेबलावरचं बीपी बरं, घरातले डबे भरलेले. म्हातारीची गोष्ट देगलूरच्या डॉक्टरांनी स्वतःच सांगितली, स्वतःच्या ओरडण्यासकट.

साहेब म्हणाले, "म्हणजे टेबल कामाचं नाही."

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात सिस्टर उभी राहिली. "साहेब, टेबलाला भिऊन का होईना, लोक महिन्यातनं दोन-चार दिवस गोळी खातेत. टेबल न्हवतं तवा तेवढी बी खात न्हवते. भीती मी घातली, ती मीच काढते. दिवाळीपतुर द्या मला. तोंड बंद ठिवते."

"तुम्ही?" साहेब म्हणाले. तेवढ्या दिवसांत तिचं तोंड त्यांनाही कळलं होतं. सभागृह हसलं, सिस्टरसुद्धा.

"दिवाळीपर्यंत," साहेब म्हणाले. "पण घरोघर विचारायला तुम्ही नाही जायचं. देगलूरवाले जातील."

पुढच्या गुरुवारपासून पद्धत बदलली. उरलेल्या गोळ्या टेबलावर आणायच्या, जेवढ्या कमी असतील तेवढ्याच नव्या मिळतील, आणि का उरल्या यावर कुणी रागावणार नाही. दवंडीवाल्याकरवी तसं कळवलं. कुणाचा विश्वास बसला नाही. दोन बाजार लोक लांबून बघत राहिले.

तिसऱ्या बाजारी भुसार दुकानवाले अप्पा आले. गावातलं वजनदार माणूस, टेबलाचे पहिल्यापासूनचे पेशंट, बीपी कायम उत्तम. त्यांनी धान्याची कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. गोळ्यांचा ढीग पडला.

"घ्या. न्हाई खाल्ल्या. आता काय वरडायचं ते वरडा."

सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी मशीनच्या पट्ट्याकडे पाहिलं. तोंडावर आलेलं नेहमीचं वाक्य तिनं गिळलं. "बसा अप्पा," ती म्हणाली. "हात द्या."

पट्टा फुगला, उतरला. सिस्टरचा चेहरा उजळला. "मॅडम!" ती एवढ्या मोठ्यानं ओरडली की कांदेवालीनं तराजू खाली ठेवला. "अप्पांचं वाढलंय! लई वाढलंय!"

अप्पा म्हणाले, "मंग पेढे वाट की आता."

त्यांना सावलीत बसवून मी पुन्हा मोजलं, दवाखान्यात नेलं, गोळी रोज का लागते ते सिस्टरनं सांगितलं, आणि आवाज न चढवता सांगितलं. पुढच्या बाजारी पाठोपाठ बाकीचे डबे आले.

दिवाळी झाल्यावर देगलूरची माणसं घरोघर फिरली. सगळं गाव सुधारलं असं नाही. पण बऱ्याच घरांत निम्मं संपलेलं पाकीट निघालं, आणि ज्यांच्याकडे निघालं नाही त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. साहेबांनी कागद वाचून टेबल कायम केलं आणि गुरुवारी दवाखान्यात बसायला दुसरी सिस्टर दिली. आमच्या सिस्टरनं ती बातमी ऐकली, "बरं," म्हणाली आणि बाजारात टेबल मांडायला निघून गेली. लाईन मोठी होती.