कॅसेटवरचा हात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, ज्या मित्राबरोबर नोकरीभर एका डब्यात जेवलो त्यालाही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. समोर बसलेल्या ओळखीच्या माणसाला हे सांगायला गेलो तर अर्ध्यातच विषय बदलीन. मला तशी सवय आहे.

कुठून सुरू करू? कॅसेटपासूनच करतो.

मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, लोखंड ओतायच्या कारखान्यात, होतो. नव्वद सालानंतरची गोष्ट. कारखान्यात परदेशातून एक मशीन आलं, आणि ते बसवून द्यायला तिकडचाच एक इंजिनिअर आला. वयस्कर, अबोल माणूस. दुपारच्या सुट्टीत शेडच्या सावलीत बसून वॉकमन ऐकायचा. मला गिटारचं थोडं वेड होतं – म्हणजे गल्लीतल्या मंडळाच्या ऑर्केस्ट्रात मी मागच्या रांगेत उभा राहून तीन-चार कॉर्ड धरायचो, तेवढंच. एकदा हातवारे करून त्याला ते सांगितलं. तो हसला आणि स्वतःच्या कानातला हेडफोन काढून माझ्या कानावर चढवला. परत जाताना ती कॅसेट मला देऊन गेला. वर नाव नाही, चित्र नाही – घरीच कशावरून तरी भरून घेतलेली. 'जॅझ' एवढा एकच शब्द तो बोलला.

त्या कॅसेटमध्ये होतं काय? एक माणूस आणि एक लाकडी गिटार. ड्रम नाही, पेटी नाही, गाणारं कुणी नाही. त्याचा अंगठा जाड तारांवर सावकाश चालत राहायचा, एखाद्यानं अंगणात येरझाऱ्या घालाव्यात तसा, आणि वर बाकीची बोटं आपलं काहीतरी बोलत असायची. मला आधी वाटलं, दोघं-तिघं असतील. एकटाच आहे हे कळलं तेव्हा अंगावर काटा आला. आणि – हे कसं सांगू? – त्यात तो माणूस ऐकू यायचा. बोटं तारेवरून सरकली की सुर्र असा आवाज. खुर्ची कुरकुरायची. एक गाणं सुरू व्हायच्या आधी तो श्वास घेतो, तो श्वास. एका जागी तर त्याचं बोट चक्क चुकतं. पण तो थांबत नाही. पुढच्या फेरीत तीच चूक मुद्दाम पुन्हा घेतो, आणि मग ती चूक वाटत नाही. आमच्या ऑर्केस्ट्रात माझं चुकलं तर ते बाकीच्यांच्या गोंगाटात बुडून जायचं. ह्याच्याजवळ लपायला जागाच नव्हती. तरी तो भीत नव्हता. मला तो माणूस व्हावंसं वाटायचं. नुसतं वाटण्यात काय वाईट होतं?

मग माझं लग्न झालं. सुजाता हुपरीची. तिच्या माहेरी घरातच चांदीचं काम, पैंजणांचं. सकाळपासून ठोकठोक, त्यात ती वाढलेली. लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी कामावरून आलो, तर ती टेपरेकॉर्डरपुढं जमिनीवर बसलेली, कॅसेट चालू. भिंतीवर माझी गिटार टांगलेली होती. तिनं एकदा गिटारकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"हे तुम्ही वाजवलंय?"

मी 'हां' म्हणालो.

का म्हणालो? तिच्या नजरेत तोवर माझ्यासाठी जे कधी दिसलं नव्हतं ते त्या क्षणी दिसलं, आणि ते जाऊ नये असं वाटलं. नंतर हसून खरं सांगू, असंही वाटलं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "आमच्या घरात एवढं शांत कधी ऐकलंच न्हाय. तुमचा श्वाससुद्धा कळतोय की ह्यात." आता ह्यावर खरं काय सांगायचं? ती डोळे मिटून एका परक्या माणसाचा श्वास ऐकत होती आणि तो माझा आहे असं समजत होती. कुणी गाणारं असतं, परकी भाषा असती, वेष्टनावर फोटो असता, तर माझं खोटं मिनिटभर टिकलं नसतं. पण एकट्या गिटारला कुणाचं नाव असतं? ज्याच्या घरात वाजते, त्याची होते.

तिनं वाजवायचा आग्रह केला, तेव्हा मी डाव्या हाताचं बोट पुढं केलं. लग्नाआधी कामावर लोखंडाची उडालेली कपची लागून नख वाकडं झालं होतं. तेवढंच. बोटाला काहीएक झालेलं नव्हतं. मी म्हणालो, "ह्याच्यापायी सुटलं. आता जमत न्हाय." तिनं ते बोट दोन्ही हातांत धरलं आणि रडली. मी तिला रडू दिलं.

त्यानंतर मी घरात असताना तिनं ती कॅसेट कधी लावली नाही – मला त्रास होईल म्हणून. गिटार आपल्या जुन्या साडीत गुंडाळून कपाटावर ठेवली. पाहुण्यांपुढं विषय निघाला की मीच बोलणं तोडायचो, आणि तिला वाटायचं, माणूस आतून किती दुखावलाय. माझ्या गप्प राहण्यालासुद्धा तिच्याकडून मान मिळायचा. तुम्ही म्हणाल, एवढंच होय? लग्नात ह्याहून मोठं खोटं खपतं. खरं आहे. एवढंच असतं तर मी हे सांगायला बसलोच नसतो.

आमची मुलगी गिरिजा सातवीत होती. रविवारी संध्याकाळी मी कळंब्याच्या तळ्यावर चक्कर मारून घरी आलो. जिना चढताना वरून ती कॅसेट ऐकू आली. मनात म्हटलं, सुजाताला वाटलं असेल मला यायला वेळ आहे. तर सूर मध्येच थांबला. मागं गेला. तीच ओळ पुन्हा आली, जरा सावकाश. कॅसेट अशी थांबत नाही. मी तिथंच कठडा धरून उभा राहिलो.

पोरीनं कपाटावरची गिटार काढून, कुणी शिकवलेलं नसताना, आम्ही दोघं घरात नसताना ऐकून ऐकून ते पहिलं गाणं बसवलं होतं. अंगठा खाली चालत होता, वर बोटं बोलत होती. मी आत गेलो तेव्हा सुजाता पिठाचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "बघा," ती म्हणाली, "तुमचंच आलंय हिच्यात."

आणि गिरिजानं विचारलं, "पप्पा, ही जागा तुम्ही कशी घेतली? बोट कुठं ठेवलं होतं?"

कुठं ठेवलं होतं? मला काय माहीत. मी हात-पाय धुवायला गेलो आणि नळ बराच वेळ सोडून ठेवला.

ती ऐकणारी नव्हती. रोज विचारायची. मी रोज टाळायचो. शेवटी सुजातानं मला न सांगता तिला राजारामपुरीत एका गिटारच्या सरांकडं नेलं. दोघी आनंदात परत आल्या. सर म्हणाले होते, पोरीचा हात चांगला आहे, उद्यापासून पाठवा – आणि येताना वडिलांची ती कॅसेट आणा, मला ऐकायचीय.

त्या सरांनी असलं संगीत ऐकलेलं असणार. पहिल्या मिनिटात त्यांनी ओळखलं असतं की हे कोल्हापुरातल्या कुणाचं काम नाही. हे माझ्या डोक्यात आलं, आणि पुढचं सगळं मी शांतपणे ठरवून केलं. रागाच्या भरात केलं असतं तर निदान तसं म्हणता आलं असतं.

मी गिरिजाला समोर बसवलं आणि म्हणालो, वाजव. तिनं सगळं गाणं वाजवलं. ती चुकीची जागासुद्धा, दुसऱ्या फेरीत, त्यानं घेतली होती तशीच. मी तिला शेवटपर्यंत वाजवू दिलं. मग म्हणालो, "गिरिजा, तुला कान न्हाय."

"कुठं चुकलं, पप्पा? मी परत करतो की."

"एका जागी चुकलं असतं तर सांगितलं असतं. तू सुरातच न्हाईस. हे शिकून येत न्हाय. उगा वेळ घालवू नकोस."

तिनं आईकडं बघितलं. सुजातानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही भांडणार. भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती मुलीजवळ बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "पप्पा म्हणतात तर असंल बाळ. त्यांना कळतंय त्यातलं."

दुसरं कुणी काही बोललं असतं तर गिरिजानं मानलं नसतं. शाळेतल्या बाईंशी वाद घालणारी पोर. पण ज्या माणसाला ऐकून ती शिकली होती तोच सांगतोय म्हटल्यावर ती काय बोलणार? तिनं स्वतःच गिटार त्या साडीत गुंडाळली, स्टुलावर चढून कपाटावर ठेवली. सरांकडं ती कधी गेली नाही. पुढं कधीतरी मी ती गिटार मंडळाला देऊन टाकली. कॅसेट टेपमध्ये अडकून तुटली तेव्हा सुजाता दोन दिवस नीट जेवली नाही. मी तिची समजूत घातली. होय, मीच घातली.

गिरिजा कॉलेजात असताना हुपरीला सुजाताच्या भाचीचं लग्न होतं. आदल्या दिवशी सगळ्या पोरी अंगणात गोल करून बसल्या आणि एकेकीला गायला लावत होत्या. गिरिजाची पाळी आली, तर ती हसत म्हणाली, "मला सोडा. मला कान न्हाय. पप्पांनीच सांगितलंय." मला वांगं चालत नाही असं कुणी सांगावं, तितक्या सहज. पोरींनी माझ्याकडं बघितलं. मी मान डोलावली, आणि गाणं पुढच्या पोरीकडं गेलं.

ती सुरात होती. मी तिला वाजव म्हणालो त्या दिवशी ती पहिल्या तारेपासून शेवटपर्यंत सुरात होती. तेवढं मला कळत होतं.