राहणीमानात आपण कितवे?

कसब्यातल्या मोफत वाचनालयात एक गृहस्थ पेपरवर चष्म्याचं घर ठेवून पान अडवायचे. एकदा राज्यांच्या क्रमवारीचं पान मी आधी पटकावलं. मुलीला केरळात नोकरी लागली होती आणि तिला थोपवायला मला आधार हवा होता.

"कमाईत आपण वर! मग मुलीने नोकरीला केरळात कशाला जायचं?" मी त्या गृहस्थांना विजयाने म्हणालो.

"आणि राहणीमानात?"

"तिथे केरळ," मी पुटपुटलो.

"अहो, मग क्रमवारी कशाला? सरळ सांगा तिला, तुझ्याशिवाय करमणार नाही म्हणून."

"असं कसं सांगणार?"

"मीही नाही सांगितलं. दोन्ही मुलं वरच्या नंबरच्या राज्यांत आहेत."

एवढं बोलून त्यांनी माझ्यासमोरच्या पानावर चष्म्याचं घर ठेवलं.

मी तडक घरी गेलो आणि धीर करून मुलीला सांगितलं, "तिकडे राहणीमान चांगलं आहे हं."