डाळिंबाच्या सालीचं पाणी

महादेवीने तोंड उघडलं आणि मॅडमनी दिवा जवळ ओढला. मी सक्शनची नळी धरून शेजारी उभी होते. वरच्या पुढच्या दातांच्या कडा इतक्या पातळ झाल्या होत्या की दिव्याचा उजेड आरपार दिसत होता.

महादेवी मूळची दुधनीची. इथे सोलापुरात एका गोदामात चिंच फोडायला जाते. दिवसभर हात चिंचेत आणि चिंचेचा एखादा तुकडा तोंडात. आंबटाने दाताचं वरचं कठीण कवच, म्हणजे एनामेल, मऊ पडतं आणि झिजतं. मॅडम त्याला इरोजन म्हणतात. झिजलेलं परत येत नाही.

"वरचे दोन तेवढे राहू देत, मॅडम," ती म्हणाली. "अजून चाळिशी न्हाय माजी."

मॅडमनी फ्लोराइडची पेस्ट दिली. आंबट खाल्लं की तासभर दात घासायचे नाहीत, असं बजावलं. शिवाय डाळिंबाची साल उकळून गाळलेलं पाणी चुळा भरायला दिलं. ते तुरट पाणी थुंकीबरोबर दातावर पातळ थर धरतं आणि आंबट थोडं अडवतं. थोडंच, हे मॅडम प्रत्येकाला सांगायच्या. ते पाणी उकळायचं काम माझं. मी या दवाखान्यात मदतनीस आहे. शिक्षण चौथी. मॅडम मला मावशी म्हणतात.

तंबाखू, मिश्री काही लावतेस का, हेही त्यांनी विचारलं होतं. ती नाही म्हणाली.

पुढच्या वेळी ती आली, तेव्हा मी बाटल्या धुवायला मागच्या नळावर गेले, तर ती तिथे उभी राहून बोटाने दातांवर मिश्री घासत होती. खसाखसा, जुन्या सवयीने. मग पिशवीतली बाटली काढून आमच्याच पाण्याने चूळ भरली, वास जावा म्हणून.

"मॅडमला सांगू नको, अक्का," ती म्हणाली. "चिंच खाल्ली की दात शिवशिवत्यात. ही लावली की थांबतंय बग."

म्हणजे आंबटाने मऊ पडलेला दात ती लगेच भाजक्या तंबाखूने घासत होती. मला कळलं होतं. तरी मी बाटल्या घेऊन आत आले.

मॅडमनी दात बघितले. तपकिरी डाग होते. "पाणी नियमित घेतेस हं," त्या म्हणाल्या. "त्याचाच डाग पडलाय." महादेवीने माझ्याकडे बघितलं. मी ट्रे पुसत राहिले.

चिंचेचा हंगाम संपता संपता ती गाल सुजवून आली. वरच्या दोनपैकी एक दात हिरडीपाशी मोडला होता, दुसरा आतल्या नसेपर्यंत झिजून तिथे पू झाला होता. कॅप बसवायला खाली दातच उरला नव्हता. मॅडमनी दोन्ही काढले. मी कापूस दिला. ती पदर तोंडावर धरून गेली. पुन्हा आली नाही.

मॅडमनी मला विचारलं, "मावशी, साल नीट उकळत होता ना?"

मी हो म्हटलं.

"मग बंद करा ते पाणी. उपयोग नाही."

मी पातेलं घासून फडताळात ठेवलं. दोन दिवस गेले. कुर्डुवाडीचे एक म्हातारे मास्तर ते पाणी मागायला आले आणि मॅडम त्यांनाही नाही म्हणाल्या, तेव्हा माझ्याने राहवलं नाही. ते गेल्यावर मी सगळं सांगितलं.

मॅडम खुर्चीत बसल्या. "तेव्हाच का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलं असतं, नुसतं घासताना बघून सवय जुनी आहे हे तुम्हाला कसं कळलं."

"कसं कळलं?"

"मीपण लावते."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी पुन्हा सुरू करा म्हणाल्या, आणि केसपेपरवरचा मिश्रीचा प्रश्न आता मी विचारायचा, असंही.

मी विचारते. बायका नाही म्हणतात. मग मी माझं आधी सांगते. माझी अजून पुरती सुटलेली नाही, तेही सांगते. त्यानंतर बऱ्याच जणी खरं बोलतात.